परत दिलेला फेटा

आमच्या ओटीवर पोरं जमली की हटकून एक वाद निघतो. ठाण्याहून कुणीतरी वर्तमानपत्र आणतं. त्यात कुठल्यातरी संस्थानच्या पैलवानाची बातमी असते, की महाराजांनी त्याला अमुक वेतन लावलं, एवढ्या वर्षांचा करार केला, राहायला जागा दिली. मग कुणीतरी विचारतं, असलं भरलेलं ताट पुढ्यात असताना मधेच कोण उठेल? कुणी उठत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी आत तांदूळ निवडत असते आणि माझ्याने ऐकवत नाही. मी बाहेर येते आणि सांगते, की एक उठला होता आणि त्याचं उष्टं ताट मी घासलेलं आहे, तेव्हा मला शिकवू नका.

पोरं हसतात. म्हातारी नवऱ्याची फुशारकी मारते आहे असं त्यांना वाटतं. मारतेच आहे. बायकांनी फुशारकी मारावी असं आयुष्यात फार थोडं घडतं, माझ्या बाबतीत घडलं, मग मी का सोडू? पण ओटीवर उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवट राहतं आणि माझा आवाज चढतो. म्हणून हे बसून लिहिते आहे. लिहायला मी कशी शिकले तेही त्यातच आलं.

आम्ही बाळकुमचे. खाडीच्या अलीकडे भातखाचरं, पलीकडे मिठागरं, आणि मधे आमची घरं. आमचे हे मिठागरात वाढले. ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून त्यांची मान अशी तयार झाली होती की गावच्या तालमीतल्या वस्तादांनी ती मान बघूनच त्यांना मातीत उतरवलं. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि इथे लिहिलं तर ही पोरं ते मोठ्याने वाचतील. तेव्हा त्यांना पैलवान म्हणते. सगळं ठाणं तेच म्हणायचं.

ठाण्यात एक शेठ होते. त्यांची मिठागरं होती, भाताचा व्यापार होता, आणि कुस्तीचा नाद होता. दुसरे श्रीमंत घोडे बाळगायचे, हे पैलवान बाळगायचे. कल्याणला तलावाकाठच्या मैदानात जत्रेची कुस्ती भरायची. तिथे एका साली पैलवानांनी भिवंडीच्या नावाजलेल्या गड्याची पाठ अशी जमिनीला लावली की शेठ गादीवरून उठून मैदानात आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पैलवानांच्या डोक्याला लाल जरीचा फेटा बांधला. फेटा बांधला म्हणजे माणूस त्यांचा झाला. मग रीतसर कागद झाला, पाच वर्षांचा. पैलवानाने शेठशिवाय कुणाच्या नावाने लढायचं नाही, बोलावतील तिथे जायचं. आणि शेठने त्याचा खुराक चालवायचा, वर दर महिन्याचं वेतन द्यायचं. ते वेतन ऐकून आमच्या गावच्या पाटलाने दोनदा विचारलं, नक्की दर महिन्याचं ना?

खुराकात तूप होतं, बदाम होते, खारका होत्या आणि एक म्हैस होती. म्हैस बघायला अख्खं बाळकुम लोटलं. काळीभोर, शिंगं मागे वळलेली, आणि दिमाख असा की आमच्या गोठ्यात शिरताना तिने मान वाकवली नाही आणि वरचा वासा हलला. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. तिचं शेण मात्र माझ्या वाट्याला आलं. तिला आंघोळ घालायला मी, वैरण टाकायला मी, आणि धार काढताना लोक बघायला आले की चरवी हातात घेऊन पुढे सासूबाई. पण मला ती म्हैस आवडायची. माझा आवाज ऐकला की हंबरायची. घरात तेवढी एकच होती जी माझा आवाज ऐकून खूश व्हायची.

तीन वर्षं असं चाललं. या तीन वर्षांत पैलवानांची पाठ कुणी जमिनीला लावली नाही. घरावर कौलं चढली. धाकट्या नणंदेचं लग्न झालं ते आमच्यात कुणाचं झालं नव्हतं अशा थाटात. सासूबाई बाजारात निघाल्या की लोक वाट सोडायचे. त्यांनी सारी हयात मिठागरात उन्हात काढली होती, त्यांना कुणी वाट सोडावी असं कधी झालं नव्हतं. त्यांना त्याचं किती होतं ते मला तेव्हा कळायचं आणि राग आला तरी मी गप्प बसायचे.

इथे एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जत्रेच्या मैदानात शेवटी मोठा पैलवान हात फिरवायचा. म्हणजे उजवा हात पुढे धरून, पंजा उघडा ठेवून, मैदानाच्या कडेकडेने एक फेरी मारायची. ज्याला लढायचं असेल त्याने त्या पंजाला हात लावायचा. हात लागला की पैलवानाने तिथेच थांबायचं आणि त्याला घेऊन माती गाठायची. कोण आहे, केवढा आहे, हे बघायचं नाही. न थांबता पुढे गेला तर तो भ्याला, आणि न लढता हरला असं धरायचं. फेरी पुरी होईतो कुणी हात लावला नाही, तर वर्षभर तो त्या मैदानाचा राजा. पैलवान तीन वर्षं फेरी मारत होते. पहिल्या वर्षी दोघांनी हात लावला, दुसऱ्या वर्षी एकाने, तिसऱ्या वर्षी कुणीच नाही.

बायकांनी मैदानात जायचं नाही. आम्ही तलावाच्या काठावर उंचावर बसायचो, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. खाली सगळं मैदान त्यांच्या नावाने ओरडायचं. ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही ते नाव घेऊन घसा फोडायचे, आणि मी एकटी तोंडात पदर धरून गप्प. त्याची चीड यायची मला. आजही येते.

त्या तिसऱ्या जत्रेनंतर माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही खडवलीला गेलो. तिथे नदीकाठी एक म्हातारा पैलवान राहायचा. आमच्या पैलवानांच्या आधी शेठचा फेटा त्याच्या डोक्यावर होता. त्याने एक करार पुरा केला, मग दुसरा केला, मग तिसरा. शेठ अजून त्याच्या घरी दिवाळीला भाताची पोती पाठवायचे. सगळीकडे त्याचं उदाहरण द्यायचे, की निष्ठा असावी तर अशी. आम्ही पाया पडायला गेलो.

तो ओटीवर बसला होता. देह अजून तेवढाच थोर, मांडीवर लेकरू बसवलं तर झोपून जाईल इतकी जागा. सून आतून जेवण घेऊन आली. तिने भात कालवला, घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं. दोन्ही हात मांडीवर पडून होते आणि बोटं आपली आपली थरथरत होती. सून बोलायला चांगली होती, प्रेमाने भरवत होती, त्याला घाई करत नव्हती. तरी मला बघवेना. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

पैलवानांनी विचारलं, हे कधीपासून? म्हाताऱ्याने घास गिळला. "करंगळीपासून लागलं बघ," तो म्हणाला. "मानेवर पडलो होतो एकदा. म्हटलं मुंग्या आल्यात, जातील. करार व्हता अजून. म्हटलं तेवढा काढू." आणि तो हसला. हसताना तोंडातला भात सांडला तो सुनेने पुसला.

परतीच्या वाटेवर गाडीत पैलवान एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं जुन्या माणसाला बघून मन भरून आलं असेल. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भात वैरला होता. उतू जायला लागला आणि माझे हात पिठात, म्हणून त्यांनीच चुलीवरचं भांडं उतरवलं. फडक्याशिवाय. उतरवून शांतपणे बाजूला ठेवलं. मी बघितलं तर त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर टरारून फोड आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी पीठ सोडून त्यांचा हात धरला. ओरडणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ओरडवेना.

"कवापासून?" मी विचारलं.

"पावसाच्या आधीपासून," ते म्हणाले. भिवंडीकडे सरावाला गेले असताना कुणीतरी डाव टाकताना मानेवर आपटलं होतं. "मुंग्या आल्या असा वाटला. मना त्या दोन बोटांचा काय कलत नाय. पन पकड हाय अजून."

"खडवलीचा बी असाच म्हनला," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. गाडीत काय चाललं होतं ते मला तेव्हा समजलं.

बाळकुममध्ये एक हाड बसवणारे वैद्य होते. त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला, हात वर-खाली करून बघितला आणि सांगितलं, मानेवर पुन्हा भार आला तर बाकीची बोटंही जातील, आज नाही तर दोन वर्षांनी. भार आला नाही तर जी आहेत ती राहतील. करार दोनच वर्षांचा राहिला होता. वैद्यांना ते माहीत नव्हतं, पण ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

घरात रण माजलं. सासूबाईंनी जेवण टाकलं. "दोनच वर्सा रायली रं," त्या म्हणायच्या, "तवरी काढ. अवघ्यांनी काढली. कोन सोडतो असा?" मी त्यांना वाईट म्हणणार नाही. कौलांखाली निजल्यावर पुन्हा पेंढ्याखाली निजायचं कुणाला आवडतं? पण एका दुपारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सासूबाय, तुमी भरवाल त्यांना? का मी भरवू? ते आताच ठरवा." त्या दिवशीपासून त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, पण जेवायला बसल्या.

पैलवान ठाण्याला जाऊन शेठना सांगून आले, की आता लढणार नाही. दुसऱ्या दिवशी शेठचे मुनीम आमच्या दारात. उंच, गोरे, बोलायला गोड, आणि त्यांच्याकडे तोड तयार होती. "लढ म्हणतंय कोण?" ते म्हणाले. "आम्ही जोड्या लावू. नुरा कुस्ती लढायची. गडी आपलाच असेल, त्याला आधी सांगितलेलं असेल. तू हात घालायचा, तो पडायचा. मानेला धक्का नाही. दोन वर्षं पुरी होतील, आणि शेठ पुढची पाच लिहून द्यायला तयार आहेत. म्हैस राहील, वेतन वाढेल."

नुरा कुस्ती म्हणजे ठरवून लढलेली, खोटी. मी दाराआड उभी होते. माझ्या कानावर पडलं ते असं, की नवरा शाबूत राहणार, कौलं राहणार, म्हैस राहणार, आणि करायचं काय तर थोडं नाटक. आता ही पोरं विचारतात कोण उठेल. त्यांना हे ठाऊक नाही, की माणसाला उठू नको म्हणून ताट आणखी वाढतात. दुखणं घेऊन उठणं त्यामानाने सोपं होतं.

पैलवानांनी आपला उजवा पंजा उघडून बघितला. मग म्हणाले, "मुनीमजी, लोक पान्यातून चालत कुस्ती बघाया येतात. त्यांना मी काय दावू?"

मुनीम म्हणाले, लोकांना काय कळतंय.

"मना कलते," पैलवान म्हणाले.

मुनीमांनी मग जरा कडक आवाजात सांगितलं, की फेटा ज्या मैदानात बांधला त्याच मैदानात परत द्यावा लागेल, शेवटची फेरी मारून, सगळ्यांसमोर. आणि एकदा दिला की या मुलखातला दुसरा कुठला शेठ दारात उभा करणार नाही. पैलवान म्हणाले, बरं. मुनीम निघाले तेव्हा सासूबाई गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडल्या. म्हैस माझ्याकडे बघत होती.

जत्रेच्या दिवशी आम्ही भरतीबरोबर होडीने निघालो. बाळकुमपासून कल्याणपर्यंत खाडीने जायला तेव्हा होडीच बरी पडायची. पैलवानांनी फेटा बांधला होता आणि उजवा हात गुडघ्यावर उघडा ठेवला होता. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मी त्या उघड्या पंजाकडे बघत होते. फेरी मारायची म्हणजे कुणीही हात लावू शकत होता, आणि लावला तर त्यांनी माती गाठली असती, मान जावो की राहो. मी त्यांना ओळखत होते. थांबले असते आणि लढले असते.

मला नंतर कळलं, की मुनीमांनी त्याचीही व्यवस्था केली होती. ठाणे, भिवंडी, कल्याण इथल्या सगळ्या तालमींना निरोप गेला होता, की यंदा फेरीत कुणी हात लावायचा नाही. शेठचा पैलवान न हरता गेला असं लोकांनी म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे पैलवानांना ठाऊक नव्हतं. आणि मुरबाडच्या डोंगराकडून एक गडी आला होता, त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण तो कुठल्याच तालमीचा नव्हता.

फेरी सुरू झाली. हलगी वाजत होती. पैलवान हात पुढे धरून चालले होते, सावकाश, प्रत्येकाच्या डोळ्यात बघत. लोक हात मागे घेत होते. मी काठावरून मोजदाद करत होते ती लोकांची नव्हती, उरलेल्या वाटेची. अर्धी फेरी झाली. पाऊण झाली. शेठ समोर गादीवर बसले होते, त्यांच्या तोंडावर समाधान दिसत होतं. आणि तेवढ्यात कडेच्या गर्दीतून एक गडी पुढे झुकला. त्याने हात लावला.

पैलवान चालत राहिले.

हलगी थांबली. सगळं मैदान गप्प झालं आणि मग जो गलका उठला तो मी जन्मात विसरणार नाही. भ्याला, भ्याला. मागच्या वर्षी ज्यांनी नावाने घसा फोडला होता तेच. पैलवान थांबले, मागे वळले आणि लोकांकडे बघत राहिले. त्यांना काही कळत नव्हतं. एवढ्या अंतरावरून मला ते दिसलं, कारण त्यांच्या तोंडावर तेच होतं जे भांडं उतरवल्यावर होतं. गड्याचा हात त्या दोन बोटांना लागला होता.

शेजारची बाई म्हणाली, "गो, तुजा घोव पलाला." मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग वस्ताद धावत मैदानात गेले आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. पैलवानांनी आपल्या हाताकडे बघितलं. आता खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर दोन सरळ वाटा होत्या. गड्याला घेऊन मातीत उतरायचं, म्हणजे लोक गप्प झाले असते आणि मान गेली असती. किंवा म्हणायचं, गर्दीत धक्का लागला असं वाटलं, पुन्हा लाव, आणि मुनीमांच्या माणसांनी तोवर त्या गड्याला मागे ओढलं असतं. वस्तादांनी ही दुसरी वाट सुचवली होती त्यांना. मला पैलवानांनी नंतर तसं सांगितलं.

पैलवान चालत त्या गड्यापाशी गेले. काळासावळा, आडदांड, ओठ रागाने थरथरत होते त्याचे. पैलवानांनी त्याचा हात धरला आणि मैदानाच्या मधोमध आणला. मग स्वतःचा उजवा हात वर केला, पंजा लोकांकडे. आवाज मोठा होता त्यांचा, काठापर्यंत आला.

"या हाताची दोन बोटा मेलीन. यानी हात लावला, मना कलला नाय. लढलो तर बाकीचा हात बी जाल, म्हनून मी लढनार नाय. आपल्या रीतीने हात लागला आन मी थांबलो नाय. म्हंजी कुस्ती याची. मी हारलो."

आणि त्यांनी गड्याचा हात वर धरला.

तीन वर्षांत ज्याची पाठ कुणी लावली नव्हती तो उभ्या उभ्या हरला होता, आणि हरलो असं स्वतःच्या तोंडाने सांगत होता. गड्याचा राग कुठच्या कुठे गेला, तो गोंधळून म्हणाला, "पर मी लढलोच न्हाई की." पैलवान त्याला म्हणाले, पुढच्या साली लढ. मग ते शेठच्या गादीपाशी गेले, फेटा उतरवला, नीट घडी घातली आणि शेठच्या पुढ्यात ठेवला. शेठनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मुनीमांनी उचलला.

मैदानात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं मला विचारतात, लोकांनी खांद्यावर घेतलं का? नाही घेतलं. बरेच जण हळहळले, काही हसले, काही अजून म्हणतात की बाळकुमचा पैलवान भ्याला. म्हणोत. मी काठावर उभी राहिले होते. बसलेल्या बायकांत एकटी उभी, पदर खांद्यावर पडलेला. सासूबाईंनी मला खाली ओढलं नाही. त्याही उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा भिवंडीच्या गड्याची पाठ लावली तेव्हाही वाटला नव्हता. जिंकणारे तेव्हाही खूप होते. नाव, म्हैस आणि कौलं हातात असताना खरं बोलणारा मी एकच बघितला, आणि तो माझा नवरा होता.

म्हैस परत करायला मीच गेले. पैलवान म्हणाले मी नेतो, पण ती त्यांच्या मागे चाललीच नाही. बाळकुमपासून ठाण्यापर्यंत मी पुढे आणि ती मागे. शेठच्या वाड्यात मागच्या दाराने नेलं. एका गड्याने दोरी माझ्या हातातून घेतली. मुनीम आले, म्हशीभोवती फिरले, दात बघितले. कुणी मला बस म्हटलं नाही, ताकसुद्धा विचारलं नाही. मी तिथून बाहेर पडले तशी ती हंबरली. मी मागे बघितलं नाही, पण रस्ताभर रडले, आणि घरी आल्यावर गोठा झाडून काढला.

त्यानंतरची वर्षं ओढीची गेली. पैलवान मिठागरात परत गेले, पण पाट्या वाहायच्या नाहीत म्हणून राखणीला. संध्याकाळी गावच्या तालमीत पोरांना शिकवायचे, स्वतः मातीत न उतरता. वैद्यांनी सांगितलं होतं की बोटांना बारीक काम द्या. गावच्या शाळेचे मास्तर तालमीत जोर काढायला यायचे. ते म्हणाले, अक्षरं काढा. मग रोज तालमीची तांबडी माती सुपात भरून पैलवान घरी आणायचे, सारखी करायचे आणि त्या दोन बोटांनी तिच्यात अक्षरं गिरवायचे. मास्तर सांगायचे, ते काढायचे, मी भाकऱ्या थापता थापता बघायचे. ते उठले की सूप माझ्याकडे. अशी मी शिकले. पुढे एका बोटात जाणीव परत आली. करंगळी तशीच राहिली.

एकदा ते घरी नसताना मी सुपात त्यांचं नाव लिहिलं. नाव तोंडाने घ्यायचं नाही एवढीच रीत होती, आणि लिहिता येणारी बाई आमच्यात आधी झालीच नव्हती, तेव्हा लिहू नको असं कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. मैदानात सगळे ओरडायचे आणि मी गप्प बसायचे, ते सगळं त्या मातीत काढलं. पुसायच्या आत ते दारात. त्यांनी वाचलं, सावकाश, एकेक अक्षर. ते म्हणाले, "वेलांटी चुकली गो," आणि ती त्यांनी नीट करून दिली.

खडवलीचा म्हातारा गेला तेव्हा आम्ही गेलो होतो. सून खूप रडली. भरवता भरवताच गेला म्हणाली.

आमचे पैलवान त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात अंग अगदी सुकलं होतं, उठवत नव्हतं. एका सकाळी मी तांदळाची भाकरी दुधात कुस्करून त्यांच्या उशाशी बसले, घास केला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की मला खडवलीची ओटी आठवली. त्यांनी उजव्या हाताने माझा हात बाजूला केला. वाटी जवळ ओढली. बोटं हळू चालत होती पण थरथरत नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने घास उचलला, तोंडात घातला आणि दुसरा घास करून माझ्यापुढे धरला.